कोर्नील्याच्या वाटेवरचा गडगा

"तीन तासांची तर वाट आहे," अन्सेल्मोने जाहीर केलं. "दहाला निघू, एकच्या आत त्यांच्या दारात. ह्या डोंगरातला एकेक दगड मला नावाने ओळखतो."

समुद्राकाठच्या मानारोलाहून शेजारच्या कोर्नील्या गावाला आगगाडीने चार मिनिटं लागतात. ओर्नेलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, हे बोलून दाखवलं नाही. तिने फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एकतीस वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली होती, की नवऱ्याला वेळ सांगायची नसते, दाखवायची असते.

थोरल्या बहिणीला मात्र असली पथ्यं नसतात. "दगड ओळखत असतील रे," तेक्ला म्हणाली, "पण वाट दाखवत नाहीत तुला. मागच्या वर्षी अळंबी शोधायला म्हणून नेलंस आणि अंधार पडेपर्यंत एकाच झाडाची चार वेळा भेट घडवलीस."

तेक्लाचं वय एकाहत्तर. गुडघे विशीतले, जीभ त्याहून तरणी.

निमित्त मोठं होतं. अन्सेल्मोची एकुलती एक लेक नोएमी कोर्नील्याच्या एलिओशी लग्न करणार होती, आणि आज व्याह्यांकडे पहिलं जेवण होतं. एलिओ आगगाडीत तिकीट तपासनीस. एकदा ही पोरगी त्याला बिनतिकिटाची सापडली, त्याने दंड केला नाही, आणि तिथून सगळं सुरू झालं. तेव्हापासून अन्सेल्मोने आगगाडीवर न बोलता बहिष्कार घातला होता.

जानेवारीत नोएमीने लग्नाचं सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला, टोपी घालून वेली बघायला मळ्यात गेला आणि तीन तासांनी परतला. जानेवारीत वेलींवर बघण्यासारखं काही नसतं. काटक्या असतात. पोरीने काय समजायचं ते समजून घेतलं. 'बाबांना पसंत नाही' असं मनाशी धरून बसली, आणि तेव्हापासून बापाशी जरा जपूनच बोलायला लागली, परक्याशी बोलावं तसं.

नापसंतीचा प्रश्नच नव्हता. घरातलं एक माणूस कमी होणार, ह्याचा आनंद तोंडाने कसा सांगायचा, हे अन्सेल्मोला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला वेली छाटता येत, मळ्यांच्या बांधांचे दगडी गडगे रचता येत. बोलायचं काम त्याने एका बाटलीवर सोपवलं होतं.

बाटली नोएमीच्या जन्मवर्षाची. खुडलेली द्राक्षं दोन महिने सावलीत सुकवायची, मग एकेक मणी हाताने सोडवायचा, आणि त्यांची मधाच्या रंगाची जी गोड वाइन होते ती शाकेत्रा. तहानेला ती कुणी पीत नाही. मूल जन्मलं, लग्न ठरलं, नाहीतर डॉक्टरने हात टेकले, तरच ती कपाटाबाहेर येते. लेक झाली त्या वर्षी अन्सेल्मोने एक बाटली वेगळी काढली, बुचावर लाल लाख ओतली आणि लाख गरम असतानाच तिच्यावर अंगठा दाबला. आठवडाभर अंगठ्याला फोड होता, पण ठसा फर्मास उठला. लहानपणी नोएमी खुर्चीवर चढून त्या ठशात आपला अंगठा बसवून बघायची. सहाव्या वर्षी त्यात तिचे दोन अंगठे मावायचे.

सव्वीस वर्षं ही बाटली स्वयंपाकघरात, चुलीवरच्या कपाटावर, मारियामातेच्या तसबिरीशेजारी उभी होती. "आडवी ठेव, तळघरात ठेव, बूच सुकेल," असं ओर्नेला दर वर्षी सांगायची. "आडवी ठेवली तर मला दिसणार कशी?" असं तो दर वर्षी विचारायचा.

ह्यात आणखी एक गाठ होती. होणारे व्याही प्रोस्पेरो गेली अठ्ठावीस वर्षं मानारोलाच्या लोकांना चोर म्हणत आले होते, तेही अशाच एका बाटलीवरून. एलिओच्या जन्माची शाकेत्रा ते मळ्यातल्या कोठीतून घरी नेत होते. वाटेत बाटली जरा खाली ठेवली, आपल्या कामात गढले, आणि बघतात तो बाटली नाही. लांबवर एक पाठमोरा माणूस, काखेत टोपली, मानारोलाच्या दिशेने झपाझप चाललेला. झालं. ही कथा प्रोस्पेरो मासळीबाजारात सांगत, चर्चच्या पायरीवर सांगत, आणि ऐकणाऱ्यांत अन्सेल्मो असला तर तोही "काय लोक असतात" म्हणून मान हलवत असे.

कारण तो पाठमोरा माणूस तोच होता. टोपलीत रानशतावरीचे कोंभ होते. पण सांगून कोण ऐकणार? त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. फक्त तेक्लाला माहीत होतं, कारण शतावरी तिने खाल्ली होती.

तेव्हा आज मानारोलाकडून कोर्नील्याला एक बाटली जाणार होती, आणि ती त्याच डोंगरवाटेने, त्याच माणसाच्या हातून जायला हवी होती. आगगाडीने नेली असती तर ते नुसतं पार्सल झालं असतं. हे त्याच्या डोक्यात अगदी स्वच्छ होतं. बाहेर मात्र एवढंच आलं, की तीन तासांची तर वाट आहे.

दहाला निघायचं ते दहा पंचविसाला निघाले. बाटली ओर्नेलाच्या लोकरी मफलरात गुंडाळून पाठपिशवीत घालण्यात पंधरा मिनिटं गेली, आणि ती पिशवीत उभी ठेवावी की आडवी ह्यावर दहा.

"नोएमीला दवाखान्यातून आणलीस तेव्हा एवढं जपलं नव्हतंस," तेक्ला म्हणाली.

"तेव्हा तू धरली होतीस तिला," अन्सेल्मो म्हणाला. "मी काळजीने मेलो होतो."

वरच्या वोलास्त्रा गावापर्यंतच्या पायऱ्या म्हणजे कुणीतरी चर्चचं घंटाघर आडवं करून डोंगराला टेकवलंय असं वाटतं. तेक्ला हातात भाताच्या तोर्त्याचं ताट घेऊन शेळीसारखी पुढे निघाली. तोर्ता कालपासून तिने अंडी आणि चीज घालून मन लावून भाजला होता, आणि तो व्याह्यांच्या टेबलावर अख्खा पोचावा ही तिची इच्छा होती. अन्सेल्मो दर वळणावर थांबून हवेचा अंदाज घेत होता. हवेचा अंदाज घेताना माणूस एवढा धापा का टाकतो, असं नोएमीने आईला हळूच विचारलं, आणि दोघी पुढे बघून चालत राहिल्या.

वर पोचल्यावर मात्र वाट सरळ झाली. एका बाजूला कमरेएवढ्या मांडवांवर नुकत्या फुटलेल्या वेली, दुसऱ्या बाजूला खालच्या मळ्याचं डोकं, त्याखाली आणखी एक मळा, असं करत करत एकदम समुद्र. द्राक्षं वाहणारी एकाच रुळावरची गाडी झाकण घालून झोपली होती. समोरच्या सुळक्यावर कोर्नील्या, इतकं जवळ, की दोरीवरचे कपडे मोजता यावेत. बारा वाजायला पाच मिनिटं होती.

"बघितलंत?" अन्सेल्मो म्हणाला. "साडेबारालाच पोचतोय. उलट बाहेर थांबावं लागेल."

आणि वळणापलीकडे तो गडगा आला.

हिवाळ्यातल्या पावसाने त्याचं पोट फुगलं होतं आणि तिथेच फुटलं होतं. तीन-चार मीटरचं खिंडार, आत काळी ओली माती, आणि दगड वाटेवर पसरलेले.

ह्या डोंगरातला नियम साधा आहे. पडलेला गडगा नुसता ओलांडून जायचं नाही. निदान एक दगड उचलून जागेवर ठेवायचा आणि मग पुढे जायचं, मळा कुणाचाही असो. कारण वरचा गडगा पडला की खालचा पडतो, आणि खालचा आपलाही असू शकतो. अन्सेल्मोचे आजोबा ह्या नियमापायी स्वतःच्या लग्नाला दीड तास उशिरा पोचले होते. घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाई. सांगणारे पुरुष असत.

"एक दगड," ओर्नेला म्हणाली.

"एकच," अन्सेल्मो म्हणाला.

पण गडग्यात एक दगड असं काही नसतं. तो बसायला त्याच्याखाली एक सपाट दगड लागतो. सपाट दगड डुलू नये म्हणून मागे दगडाच्या बारक्या चिपा लागतात. चिपा ठराव्यात म्हणून आणखी मागे भर लागते. आणि भर घालायला बसलं, की पायातला दगड वाकडा आहे हे दिसतं. एकदा दिसल्यावर तो न दिसल्यासारखं करणारा माणूस कोर्नील्यात असेल एखादा, मानारोलात नाही.

त्याने पिशवी उतरवली. ऊन चढलं होतं, आणि शाकेत्राला ऊन लागू द्यायचं नसतं. खिंडाराच्या आत, मातीच्या अंगाला, विहिरीसारखा गार कोनाडा झाला होता. त्याने मफलरासकट बाटली काढून तिथे अलगद आडवी ठेवली. सव्वीस वर्षांत ती पहिल्यांदाच आडवी झाली.

ओर्नेला आणि तेक्ला ऑलिव्हच्या सावलीत बसल्या. नोएमी थोडा वेळ बसली, मग उठून बापाला चिपा द्यायला गेली. लहानपणी द्यायची तशीच, न सांगता, हव्या त्या मापाच्या. बऱ्याच दिवसांनी दोघं इतका वेळ शेजारी उभी होती.

"हा बघ," एक वेडावाकडा दगड हातात फिरवत तो म्हणाला. "हा कुठेच बसणार नाही असं वाटतं. सगळ्या अंगांनी फिरवून बघायचं. कुठल्यातरी एका बाजूने बसतोच."

"माणसाचंही तसंच असतं का, बाबा?"

अन्सेल्मो थांबला. काहीतरी फार महत्त्वाचं अगदी दातांपर्यंत आलं.

"माणसाचं मला माहीत नाही," तो म्हणाला. "तो लाल दगड दे."

एक वाजला. नोएमीने एलिओला फोन लावून बघितला, पण डोंगराच्या त्या घडीत फोन म्हणजे नुसतं घड्याळ. सव्वा वाजला. तेक्लाने तोर्त्याची कड जरा जास्तच फुगली आहे असं म्हणून ती कापून बायकांत वाटली. दीडला दुसरी कड फुगली.

पावणेदोनला अन्सेल्मोने माथ्याचा शेवटचा दगड बसवला, दोन पावलं मागे सरला आणि हात झटकले. गडगा असा उभा होता, की सुरीचं पातं आत जाणार नाही.

"झालं," तो म्हणाला. "चला, पटकन." आणि पिशवी उचलली.

पिशवी हलकी लागली. त्याने ती खाली ठेवली, पुन्हा उचलली, जणू दुसऱ्यांदा उचलल्यावर तिचं वजन वाढणार होतं. मग तो गडग्याकडे बघत राहिला.

"बाबा, बाटली कुठे आहे?" नोएमीने विचारलं.

"सुरक्षित आहे."

"अन्सेल्मो," ओर्नेला उठली. "कुठे सुरक्षित आहे?"

"आत."

खाली कुठेतरी आगगाडी बोगद्यातून बाहेर आली आणि चार मिनिटांच्या प्रवासाला निघून गेली.

"मग काढ," तेक्ला म्हणाली. "दगड तुला नावाने ओळखतात ना?"

तो पुढे झाला, माथ्याच्या दगडाला हात घातला, आणि तेवढ्यात वळणावरून हाक आली. हातात काठी, अंगात रविवारचा कोट, कपाळावर घाम. पाहुणे दरीत पडले की काय म्हणून बघायला व्याही स्वतः निघाले होते.

प्रोस्पेरोंनी आधी माणसं बघितली, चारही शाबूत. मग त्यांची नजर गडग्यावर गेली, आणि काठी हातातून गळाली.

"हा माझा गडगा आहे," ते म्हणाले.

अन्सेल्मोने हात मागे घेतला.

"डिसेंबरात पडला. माझी कंबर अशी. दर आठवड्याला येतो, बघतो आणि जातो." त्यांनी दगडांवरून हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. "आणि तुम्ही... मी तिकडे बायकोला म्हणत होतो, मानारोलाची माणसं, वेळेवर कशाला येतील. आणि तुम्ही इथे हे करत होतात. माझ्यासाठी."

त्यांनी अन्सेल्मोला मिठी मारली. मिठीतून अन्सेल्मोचा चेहरा फक्त बायकांना दिसत होता. बुडत्या माणसाला कुणी पदक दिलं तर तो जसा दिसेल, तसा तो दिसत होता.

"वरचा एक दगड जरा सैल वाटतोय," मिठी सुटल्यावर तो म्हणाला. "काढून बघू का?"

"हात लावाल तर खबरदार. असा गडगा वडिलांनंतर मी बघितला नाही." आणि सैल नाही हे दाखवायला प्रोस्पेरो त्या गडग्यावर चढून चक्क बसले, कोट सावरून, पाय सोडून.

"पायातल्या एका दगडाबद्दल मला शंका आहे," अन्सेल्मोने पुन्हा प्रयत्न केला.

"मला नाही." प्रोस्पेरोंचे डोळे ओले झाले होते. "अन्सेल्मो, आज सांगतो. माझी ती बाटली कुणीही नेली असेल, पण जो माणूस दुसऱ्याचा गडगा असा बांधतो, त्याच्या गावाला मी पुन्हा चोर म्हणणार नाही. चला आता. आल्बाने शाकेत्राचे छोटे पेले पुसून मांडलेत. नोएमीची बाटली आणलीत ना? कुठे आहे?"

अन्सेल्मोने ओर्नेलाकडे बघितलं. ओर्नेलाने समुद्राकडे बघितलं.

"तुम्ही तिच्यावर बसलाय," तेक्ला म्हणाली.

"कुणावर?"

"बाटलीवर. सव्वीस वर्षांची आहे. जरा बेताने उठा."

समजायला प्रोस्पेरोंना थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते असे हसले, की खरंच उठावं लागलं. पोट धरून, झाडाला टेकून, कोटाच्या बाहीने डोळे पुसत हसले. "बाटली ठेवली, आणि तिच्यावरच गडगा बांधला! कोर्नील्यात शेंबडं पोर असं करणार नाही." अन्सेल्मो खाली मान घालून दगड उतरवू लागला. त्याचे कान मिरचीसारखे लाल झाले होते. नोएमी त्याच्याशेजारी उभी राहून दगड खाली मांडू लागली, ओळीने, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने.

बाटली नेमकी कुठे ठेवली हे अन्सेल्मोला सांगता येईना. काम चांगलं झालं, की आतलं बाहेरून ओळखू येत नाही, हीच तर त्याची खूण. तो म्हणाला उजवीकडे. प्रोस्पेरो, आता कंबर विसरून कोट काढून कामाला लागलेले, म्हणाले की डाव्या हाताने ठेवली असेल तर डावीकडे. "मला विचारा, गडग्यातलं मला कळतं," असं म्हणत ते डावीकडून दगड काढत गेले. अन्सेल्मोची रचाई संपली, जुनी लागली, तरी काढत गेले.

अडीचच्या सुमाराला अन्सेल्मोच्या बोटांना लोकर लागली. "सापडली," तो म्हणाला.

"मलाही," प्रोस्पेरो म्हणाले.

त्यांच्या हातात मातीने माखलेली एक बाटली होती. तसलीच, आखूड मानेची. बुचावर लाल लाख.

सगळे जिथल्या तिथे राहिले. एक सरडा येऊन मोकळ्या झालेल्या कोनाड्यात डोकावून गेला.

"त्या दिवशी मी गडगाच दुरुस्त करत होतो," प्रोस्पेरो अगदी हळू म्हणाले. ते खाली, वाटेवरच बसले होते. "ऊन होतं. म्हणून मी..."

पुढचं वाक्य कुणी पुरं केलं नाही. अन्सेल्मोला करता आलं असतं. शेंबड्या पोराचा उल्लेख अजून गरम होता. पण तो शेजारी बसला आणि म्हणाला, "इथे ऊन फार असतं."

मग थोड्या वेळाने म्हणाला, "तो पाठमोरा माणूस मी होतो. टोपलीत शतावरी होती."

ओर्नेलाने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं.

"शतावरी," प्रोस्पेरो म्हणाले. अठ्ठावीस वर्षं त्यांच्या तोंडावरून सरकताना दिसली. "चांगली होती?"

"जून होती," तेक्ला म्हणाली.

साडेतीनला पाचही जण कोर्नील्याच्या दारात उभे राहिले, चिखलाने माखलेले, अर्ध्या तोर्त्यासकट. आल्बाने, म्हणजे विहीणबाईंनी, दोन बाटल्यांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षं ती ही चोरीची कथा ऐकत आली होती. बाटल्या घेऊन मोरीत गेली आणि काथ्याने अशा घासल्या, की माती गेली, वर चिकटवलेल्या चिठ्ठ्या गेल्या, आणि नवऱ्याची पाठ समजून घासत असावी असं वाटलं. बाहेर आल्या तेव्हा दोन्ही बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या लखलखीत होत्या.

ऑलिव्ह घातलेला ससा मघाच भाजून, थंड होऊन, पुन्हा गरम झाला होता. तो सगळ्यांनी निमूटपणे खाल्ला. मग पेले पुढे आले. एलिओ नोएमीच्या शेजारी ताठ बसला होता. दोन तास खिडकीत उभं राहून त्याचा चेहरा उतरला होता. यजमान म्हणून प्रोस्पेरोंनी हाताला आली ती बाटली उचलली आणि सुरीने लाख फोडायला घेतली.

लाखेवर अंगठ्याचा ठसा होता.

अन्सेल्मोने तो बघितला. प्रोस्पेरोंनीही बघितला, कारण त्यांनी कधी कुठल्या लाखेवर अंगठा दाबला नव्हता. बूच निघालं ते भुशासारखं, तुकड्या-तुकड्यांनी. पेल्यात ओतलं, आणि टेबलाभर लोणच्याच्या बरणीचा वास पसरला.

ओर्नेला काही बोलली नाही. सव्वीस वेळा बोलून झालं होतं.

अन्सेल्मोला पेला उचलवेना. तेवढ्यात प्रोस्पेरोंनी आपला उचलला, मोठा घोट घेतला, आणि संतांच्या तसबिरीत बाण लागलेले संत जसे वर बघतात तसे क्षणभर वर बघितले.

"ही माझी," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं गडग्यात पडलेली. दुसरं काय होणार?" आणि लाखेचे तुकडे तळहाताने गोळा करून खिशात टाकले.

अन्सेल्मोने तोंड उघडलं. टेबलाखालून त्याच्या नडगीवर व्याह्यांचा बूट बसला.

"गडगा बांधायला कधी येतोस?" प्रोस्पेरोंनी विचारलं. दिवसभरात पहिल्यांदाच एकेरी.

"पुढच्या रविवारी," अन्सेल्मो म्हणाला.

दुसरी बाटली उघडली. हिचं बूच ओलं, घट्ट, आडव्या झोपेतून नुकतं उठलेलं. पेल्यात जे उतरलं त्याला जर्दाळूचा, मधाचा आणि कुठेतरी लांबवर समुद्राचा वास होता. "ही नोएमीची," प्रोस्पेरो ठामपणे म्हणाले, आणि मग सगळे अन्सेल्मोकडे बघू लागले.

तो उभा राहिला. ज्या बाटलीवर बोलायचं काम सोपवलं होतं, ती ऐन वेळी फिरली होती. आता जे काय होतं ते त्याच्या एकट्यावर आलं होतं. त्याने खिशातून टोपी काढली. मळ्यात जावं असं फार वाटत होतं.

"तिकडून इथपर्यंत तीन तासांची वाट आहे," तो म्हणाला. "आगगाडीने चार मिनिटं." मग बराच वेळ टोपी फिरवत राहिला, सगळ्या अंगांनी. "मी आगगाडीने येत जाईन, नोएमी. वरचेवर."

आणि खाली बसला.

टेबलापलीकडच्या तिकीट तपासनीसाने हळूच विचारलं, "तिकीट काढाल ना, बाबा?" तेव्हा कुठे सगळे हसले. नोएमी हसली नाही. तिने बापापुढचा आंबट पेला ओढून घेतला आणि डोळासुद्धा न मिटता तळापर्यंत प्यायली. मग सासऱ्यांपुढे हात पसरला. प्रोस्पेरोंनी मुकाट्याने खिशातला लाखेचा मोठा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तो ठसा ती ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

पुढच्या रविवारी दोघे व्याही मिळून गडगा बांधायला गेले. अन्सेल्मो आगगाडीने आला, तिकीट काढून, आणि ते त्याने प्रत्येकाला दाखवलं. गडगा दोघांनी सबंधच उतरवून नव्याने घेतला, अकरा मीटर. बाटली कशी ठेवावी हे आता दोघांनाही कळलं होतं. तेव्हा गेल्या सालची एक चांगली शाकेत्रा, होणाऱ्या नातवंडासाठी म्हणून, त्यांनी मुद्दाम आत आडवी ठेवली आणि तिच्यावर रचाई केली. घरी येऊन बायकांना सांगितलं, ह्या वेळी विसरलो नाही.

लग्न होऊन गेलं, आणि आता नोएमीला दिवस गेलेत. सप्टेंबरात, द्राक्षतोडणीच्या सुमाराला, पाळणा हलेल. बाटली कुठल्या दगडामागे आहे ते प्रोस्पेरोला पक्कं माहीत आहे, असं अन्सेल्मो सांगतो. प्रोस्पेरो म्हणतात, खूण अन्सेल्मोने केली आहे.

ओर्नेलाने आणि आल्बाने एकेक पहार आणून ठेवली आहे. तेक्लाने तोर्ते दोन करायचे ठरवलेत.